लुआंग्वाकाठची दिवाळी

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सुरतेतल्या आमच्या लिंबायतमध्ये शांतता येते. दुपारपासून एकेक खातं बंद पडायला लागतं. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा कारखाना. आमच्या भिंतीला लागून एक आहे, समोर दोन, आणि मागच्या गल्लीत तर सगळी ओळच त्यांची. वर्षभर चालणारी ती खटखट आम्हाला ऐकूच येत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली. पण संध्याकाळी शेवटचं लूम थांबतं आणि एकदम मोरीतला गळका नळ ऐकू येतो. शेजारची सून सासूला काय पुटपुटली तेही ऐकू येतं, आणि दोघींची पंचाईत होते. कारीगर पिशव्या खांद्याला मारून भुसावळच्या गाडीकडे पळत असतात. कोणी नंदुरबारला, कोणी दोंडाईचाला, कोणी अमळनेरला. अर्धी गल्ली रिकामी होते.

यंदाही तसंच झालं. मी चकल्या तळत होते. खटखट थांबली, कढईतल्या तेलाची चुरचुर मोठी झाली, आणि माझ्या डोळ्यांपुढे गाव येण्याऐवजी एक नदी आली. उन्हाने आटलेली, पसरट, वाळूच्या मोठमोठ्या पट्ट्यांमधून कशीबशी वाट काढणारी, आणि राहिलेल्या पाण्यात खच्चून भरलेले पाणघोडे. काही वर्षांपूर्वी आमची एक दिवाळी तिथे झाली. तेव्हापासून खाती बंद पडली की मला ती नदी आठवते, आणि पहिली चकली दरवर्षी करपते.

आमच्या घरात शांततेला कधी चांगलं नाव नव्हतं. खातं शांत म्हणजे मंदी, किंवा शेठने लूम विकायला काढली, किंवा लाइट गेली आणि पाळी वाया गेली. आमचे नाना, म्हणजे माझे यजमान, मिसरूड फुटायच्या आधी गाव सोडून सुरतेला आले ते थेट लूमवर उभे राहिले. पुढे मास्तर झाले, म्हणजे अख्ख्या खात्याच्या मशीनी ज्याच्या भरवशावर चालतात तो माणूस. सगळी उमर त्या आवाजात काढल्यावर कान निम्मे गेले आणि गळा मात्र दुप्पट झाला. नाना ‘मीठ दे’ म्हणाले तर समोरच्या घरातली बाई मीठ घेऊन येईल, इतका. मी मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली पोरंही लूमवाल्यांचीच, त्यामुळे कविता म्हणायला लावली की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात. नाना मला मास्तरीणबाई म्हणतात. एका घरात दोन मास्तर, मग ऐकायचं कोणी, हा त्यांचा जुना विनोद आहे.

पण खात्याच्या आत मोठा गळासुद्धा उपयोगाचा नसतो. तिथे माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं जोडून झटकन दूर केली की तार तुटली. तळहात खाली दाबला की मशीन थांबव. मनगट गोल फिरवलं की चालू कर. कानाची पाळी धरली म्हणजे शेठ येतोय. ओठाला अंगठा लावला की चहा आलाय. आमची ज्योती लहान होती तेव्हा शाळा सुटली की नानांचा डबा घेऊन जायची. खात्याच्या दारात उभी राहून ती ही सगळी बोली शिकली, आणि मग घरी मी रागावत असताना बाप-लेक एकमेकांना हातांनी काहीतरी सांगून हसायचे. मला त्यातलं अर्धंच कळायचं. जे कळायचं नाही ते माझ्याबद्दल असायचं, हे उघड होतं.

ज्योतीने हॉटेलचा कोर्स केला. दुमसच्या बाजूला एका हॉटेलात काही दिवस काढले आणि मग तिथल्याच एका ओळखीतून तिला झांबियातली नोकरी लागली. लुआंग्वा नदीच्या काठी जंगलातलं छोटंसं राहण्याचं ठिकाण, हातावर मोजण्याइतक्या झोपड्या, परदेशातून जनावरं बघायला येणारे पाहुणे. चालवणारं जोडपं मूळचं नवसारीकडचं, चार पिढ्या तिकडेच वाढलेलं. वर्षभरासाठी जाते म्हणून गेली आणि वर्ष उलटलं तरी परतायचं नाव नाही. इकडे दोंडाईचाचं एक चांगलं स्थळ नानांच्या मनात भरलं होतं. मुलगा सरळ, घर ओळखीचं. दिवाळीत पोरीला आणतो, असा शब्द नानांनी त्यांना देऊन टाकला. आणि तिकडे मालकांनी ज्योतीला सांगितलं होतं की आता आमचं वय झालं, पावसाळ्यातही तू इथेच थांब आणि सगळं तूच सांभाळ.

ज्योतीने नानांपुढे एकच अट ठेवली. तुम्ही दोघं एकदा इथे येऊन राहा. त्यानंतर तुम्ही चल म्हणालात तर मी तुमच्याबरोबर निघेन, एक शब्द बोलणार नाही. ती बोलली तसं करणारी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच मला भीती वाटत होती. नाना ‘चल’ म्हणतील ही एक भीती, आणि म्हणणार नाहीत ही दुसरी. आईचं मन असं दोन्ही बाजूंनी ओढलं जातं आणि कुणाला सांगायचीही सोय नसते. गावी कळवलं की यंदा दिवाळीला येत नाही, आफ्रिकेला चाललो. मोठ्या जाऊबाईंना वाटलं मी चेष्टा करतेय.

राजधानी लुसाकाहून अख्खा दिवस बस, मग खडबडीत रस्त्यावरून उघडी जीप. अंगावर धुळीचा थर बसला होता. आम्हाला दिलेलं घर पाहून नाना दारातच थांबले. गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती, आणि नदीच्या बाजूला तर भिंतच नाही, नुसती जाळी. आम्ही लग्नानंतर कितीतरी वर्षं पत्र्याच्या खोलीत काढली आणि मग पोटाला चिमटा घेऊन स्लॅब टाकला. नाना म्हणाले, लोक इतका पैसा मोजून झोपडीत राहायला येतात, आपण तर फुकटात राहत होतो. ज्योती हसली. ती उन्हाने रापली होती, वाळली होती, आणि मला फार सुंदर दिसली.

ते दिवस तिकडच्या उन्हाळ्याच्या अगदी शेवटाचे होते. पाऊस यायला थोडाच अवकाश होता आणि सगळं रान त्याचीच वाट बघत थांबलेलं. झाडांखाली वाळक्या शेंगांचा सडा पडायचा. हत्ती त्या शेंगा सोंडेने एकेक उचलून खायचे, अगदी निवडून, आपण शेंगदाणे निवडतो तसे. हवेत शेणाचा, मातीचा आणि नदीतल्या शेवाळाचा मिळून एक वास असायचा. पलीकडच्या उंच काठाच्या मातीत हजारो भोकं होती आणि त्यांतून लालभडक पक्ष्यांचे थवेच्या थवे बाहेर पडायचे. इतका लाल रंग मी फक्त सुरतेत सहारा दरवाजाच्या साड्यांच्या दुकानांत पाहिला होता. पाणघोडे दिवसभर एकमेकांवर रेलून असायचे आणि मध्येच कुणाला तरी हसू फुटल्यासारखे घुर्र घुर्र करायचे. माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या बैठकीची मला फार आठवण झाली.

आणि तिथली शांतता. आमच्याकडची शांतता म्हणजे थांबलेलं काम. तिथे शांत असतानाच सगळी कामं चाललेली असायची. पानांत काहीतरी सरकायचं, पाण्यात काहीतरी बुडायचं, लांबून एखादं हरीण एकदाच ओरडायचं. नानांना यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की खटखट नाही. त्यांना झोप लागेना. सकाळी उठून ते अंगणात येरझारा घालायचे आणि बोलायचे ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात. जेवायच्या टेबलावर इतर पाहुणे घास हातात धरून बघत राहायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी जीपमधून रानात गेलो. जोसेफ नावाचा शांत स्वभावाचा वाटाड्या गाडी चालवत होता, शेजारी ज्योती, मागे आम्ही आणि एक परदेशी जोडपं. झाडीतून हत्तींचा कळप पाण्याकडे निघाला होता. मध्ये एक अगदी इवलंसं पिल्लू, स्वतःच्या सोंडेचं काय करावं हे न कळणारं. जोसेफने इंजिन बंद केलं. सगळे श्वास रोखून बसले. आणि नानांच्या मनात खरोखरच प्रेम दाटून आलं असणार, कारण ते मला म्हणाले, बघ, पोरगं आईच्या पायात कसं अडखळतंय. नाना कुजबुजले होते. म्हणजे त्यांच्या मते.

कळप जागच्या जागी थिजला. आई गर्रकन वळली, कान पसरले आणि सरळ आमच्याकडे चार पावलं आली. जोसेफ हललासुद्धा नाही. ती तिथेच उभी राहून डोकं हलवत राहिली आणि मग पिल्लाला पुढे घालून झाडीत निघून गेली. मागोमाग सगळा कळप गेला. पाणी न पिताच गेले सगळे. परदेशी बाईने कॅमेरा पिशवीत ठेवला. नाना खाली बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. मला त्या बाईचा राग आला, हत्तिणीचा आला, आणि का कोण जाणे, सुरतेतल्या सगळ्या लूमचा आला.

त्यानंतर नानांनी जीपमध्ये पाय ठेवला नाही. तुम्ही जा, मी बसतो, म्हणायचे. झोपडीपुढे खुर्ची टाकून नदीकडे तोंड करून बसायचे, बोलायचेही बंद झाले. मला वाटलं, झालं, निकाल लागला. जिथे आपण उच्चारलेला शब्दसुद्धा चुकीचा ठरतो तिथे कोणता बाप पोरीला ठेवील. ज्योतीलाही तेच वाटलं असावं. तिच्या खोलीत गेले तर पलंगावर बॅग उघडी होती आणि ती मुकाट्याने कपडे भरत होती. दोघींनी मिळून तिच्या स्वेटरची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं तापल्यावर, मी नानांजवळ बसून लसूण सोलत होते. अंगणाच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला कपडे धुणाऱ्या बायका, मध्ये पाण्याच्या टाकीपाशी दोन माळी. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागून ज्योती बाहेर आली आणि जागीच थांबली. तिने हात वर केला आणि तळहात हळूच खाली दाबला.

अंगणातली सगळी माणसं थांबली. धुणाऱ्या बाईच्या हातातली चादर हातातच राहिली. सगळ्यांचे डोळे ज्योतीकडे. तिने कानाची पाळी धरली, मग बोटाने नदीकडची वाट दाखवली. टाकीच्या आडून एक भलामोठा हत्ती निवांत चालत आला, अंगणाच्या मधोमध, आमच्यापासून अगदी जवळून. त्याच्या पोटातली गुडगुड मला ऐकू आली. त्याने एका झाडाखालच्या शेंगा वेचल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि उतारावरून पाण्याकडे निघून गेला. तेवढ्या वेळात कोणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. माळी आणि बायका हातांनीच एकमेकांना काही विचारत होते, सांगत होते. मग ज्योतीने मनगट गोल फिरवलं आणि चादर पुन्हा बादलीत बुडाली.

नाना खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांची नजर ज्योतीच्या हातावर खिळली होती. ते हत्तीसाठी उठले नव्हते, हे मला लगेच कळलं.

मागाहून ज्योतीने सांगितलं. इथे जनावरं अंगणातून ये-जा करतात आणि हाका मारून चालत नाही. आधी सगळे एकमेकांना शिट्ट्या घालायचे, त्याने माकडं बिथरायची. मग तिने हळूहळू खात्यातल्या खुणा शिकवल्या. सिंह-बिबट्यांसाठी खात्यात खूण नव्हती, त्या नव्या केल्या. शेठची खूण तेवढी हत्तीला दिली. हे ऐकून नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुरतेहून निघाल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते.

मग काय, त्या दुपारपासून माणूस बदललाच. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी नानांची शाळा भरली. ज्योतीने काही खुणा ढिसाळ शिकवल्या होत्या, त्या त्यांनी दुरुस्त केल्या. जोसेफला आणि स्वयंपाक्याला नानांची भाषा समजत नव्हती, नानांना त्यांची येत नव्हती, आणि तरी तासन्‌तास गप्पा. तिथले लोक मक्याचं पीठ घट्ट शिजवून हाताने खातात, बरोबर भोपळ्याच्या पानांची शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी. नानांनी बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून ओठाला अंगठा लावला. मी त्यांना सांगितलं, चहा घरी गेल्यावर.

लक्ष्मीपूजनाला फटाके नव्हते. चुलीच्या राखेने आणि मक्याच्या पिठाने रांगोळी घातली. सूर्य बुडताना सगळी माणसं अंगणात जमली, मालकीणबाईंनी गुजरातीत आरती म्हटली, मी मराठीत, आणि धुणाऱ्या बायकांनी त्यांचं काहीतरी सुरेख गाणं. मी नेलेल्या बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, भाजल्या, त्या सगळ्यांना आवडल्या. पाणघोडे मधून मधून घुर्र करत होते. नाना खुणेने त्यांना गप्प बसा म्हणत होते.

त्या वेळी नाना मला बाजूला घेऊन हळू बोलले. खरंच हळू, मला कान पुढे करावा लागला. त्यांनी विचारलं, हत्ती आला तेव्हा तू पाहिलंस का, सगळे कोणाकडे बघत होते? खात्यात तार तुटली की सगळे कारीगर ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो मास्तर. बाकी पगाराच्या चिठ्ठीवर हुद्दा काय लिहिलाय त्याला अर्थ नाही.

“आपली पोर मास्तर व्हई गई,” ते आमच्या गावच्या बोलीत म्हणाले, आणि डोळे पुसले.

निघायच्या सकाळी आम्ही तिघं नदीच्या काठावर उभे होतो. जोसेफ जीप पुसत होता. काय ठरवलं, असं ज्योतीने नानांना विचारलं नाही, आपल्या शब्दाला जागली. ती म्हणाली, “तुमी म्हनशात तं मी येस, नाना. मनी ब्याग भरेल शे.”

नानांनी नदीकडे हात करत तिला उलट विचारलं, “तुले आठे करमस?”

तिने होकारार्थी मान हलवली. पलीकडच्या काठावरून ते लाल पक्षी एकदम उठले आणि पाण्यावर पसरले.

“मंग ब्याग खाली कर,” नाना म्हणाले.

जीपमध्ये बसल्यावर मी रडले. ते सुखाचं रडू होतं असं सांगितलं तर निम्मं खोटं होईल. लुसाकाला पोचल्यावर नानांनी दोंडाईचाला फोन लावला आणि दिलेला शब्द स्वतःच्या तोंडाने मागे घेतला. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. त्यांनी कानांचा बहाणा केला नाही, सगळं ऐकलं, आणि चूक माझी, पोरीची नाही, असं म्हणून फोन ठेवला. त्या घराशी आमचं बोलणं अजून तुटलेलंच आहे. ते चांगले लोक आहेत, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं.

ज्योती आता ते सगळं ठिकाण सांभाळते. तिकडच्या पावसात रस्ते बंद होतात, महिनोन् महिने पाहुणे नसतात, मग ती नव्या पोरींना शिकवते, छपरं शाकारून घेते. फोनवर मला नदी दाखवते. लग्नाचं विचारलं की नदीच दाखवते. मी काळजी करते, तो माझा हक्क आहे. पण एक सांगते, तिचा चेहरा पाहून फोन ठेवल्यावर मला छान झोप लागते.

यंदा आम्ही रीतसर गावी आलो. मोठ्या जाऊबाईंच्या ओट्यावर भाऊबीजेची मंडळी जमली होती. कापूस निघत होता, अंगणभर त्याचे तंतू उडत होते, फोडायला भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं मध्ये ठेवलेलं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच. यंदा जाऊबाईंनीच विचारलं, अगदी मायेने, तुमची पोर घरी कधी येईल म्हणून. इतकी वर्षं नाना या प्रश्नाला ‘येईल, येईल’ म्हणून वेळ मारून नेत होते. मी माझ्या हातातल्या शेंगेकडे बघत राहिले.

“ती घरीच शे, वहिनी,” नाना म्हणाले. “आमीच जाई येसूत.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की आपले पासपोर्ट अजून चालतात ना, सुरतेला गेल्यावर जरा बघून ठेव.